वसंताच्या अखेरीस बर्फातला पहिला ट्रेक: ‘सोपी’ वाट ओळखायची कशी

बर्फ वितळून गेल्यावर जी वाट लहान मुलंही हसतखेळत चालून जातात, तीच वाट वसंताच्या अखेरीस धोक्याची असू शकते. आणि एरवी कुणी ढुंकूनही बघत नाही अशी एखादी रुंद, बोडकी धार त्याच दिवसांत सगळ्यात सोपी निघते. उंच डोंगरातला पहिला बर्फातला ट्रेक निवडताना एवढं एक उमगलं, की पुढचे बरेच प्रश्न सुटत जातात.

वसंत म्हणजे इथे उंच डोंगरांतला वसंत. त्याची अखेर उत्तर गोलार्धात साधारण मे ते जूनच्या मध्यापर्यंत येते, दक्षिण गोलार्धात नोव्हेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीला. खाली दरीत गवत हिरवं झालेलं असतं, दिवस मोठा असतो, ऊन सुखावणारं असतं. वरच्या उतारांवर मात्र अजून कुठे गुडघाभर, कुठे पुरुषभर बर्फ बसून असतो. नीट निवड केली तर चालायला याच्याइतके सुंदर दिवस वर्षात दुसरे नाहीत, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच निवडीबद्दल एवढं सविस्तर लिहावंसं वाटलं.

बर्फ वाट पुसतो, उतार तसाच ठेवतो

डोंगरातली पायवाट म्हणजे तिरक्या उतारावर खोदलेला, नाहीतर चालून चालून पडलेला एक अरुंद सपाट पट्टा. डोंगराची बाजू ३५ अंशांत खाली कोसळत असली तरी त्या पट्ट्यावर पाऊल सपाट पडतं, म्हणून शेजारच्या उताराची जाणीवही होत नाही. हिवाळ्यात वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ आधी अशाच खाचांत साचतो. पट्टा भरून जातो आणि वरचा पृष्ठभाग आजूबाजूच्या उताराच्या कोनात येतो. मग ज्या जागी तुम्ही कॅमेरा काढून फोटो काढला असता, त्या जागी प्रत्येक पाऊल ३५ अंशांच्या कडक बर्फावर आडवं टाकत जावं लागतं. ट्रेकर मंडळी ज्याला ट्रॅव्हर्स म्हणतात तो हाच.

वाटा आखणाऱ्यांनी चढ हलका राहावा म्हणून त्या मुद्दाम डोंगराच्या कुशीतून, ओढ्याच्या काठाने, नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, वळणं घेत नेलेल्या असतात. बर्फात नेमक्या याच जागा वाईट. कुशीत ट्रॅव्हर्स, ओढ्यावर बर्फाचे पोकळ पूल, नाळेत वरून येणारं हिमस्खलन. उलट सरळ धारेवरून वर जाणारी वाट पायांना दमवते, म्हणून एरवी ती कुणाला नको असते. पण धारेच्या वर काही नसतं, त्यामुळे वरून अंगावर येण्यासारखंही काही नसतं. शिवाय वाऱ्यामुळे धारेवर बर्फ कमी टिकतो, अधूनमधून खडक उघडा असतो.

अनुभवी माणसंही इथे चुकतात. हिमस्खलनाच्या अपघातांचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक इयान मॅकॅमन यांनी माणसाला चकवणारे जे मानसिक सापळे मांडले, त्यांत ओळखीची जागा हा एक ठळक सापळा आहे. ‘ही वाट मला माहीत आहे’ हे वाक्य बर्फात फार जपून उच्चारावं, कारण माहीत असलेली ती वाट त्या दिवशी तिथे नसतेच.

तीस अंश

ट्रेकच्या वर्णनात उंची आणि अंतर ठळक अक्षरांत असतं. बर्फासाठी त्याहून महत्त्वाचा आकडा बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो, तो म्हणजे उताराचा कोन. बर्फाची अख्खी पाटी सुटून येते असे बहुतेक हिमस्खलन ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुरू होतात. ओला बर्फ कधीकधी याहून कमी कोनावरही सरकतो, पण पहिल्या ट्रेकसाठी ‘वाटेवर २५ अंशांच्या आत, आणि वाटेच्या वरही ३० अंशांचा मोठा उतार लटकलेला नको’ हा नियम पुरेसा कडक आणि पुरेसा सोपा आहे. नियमाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. तुम्ही सपाट मैदानातून चालत असाल आणि डोक्यावर तीव्र उतार असेल, तर सुटलेला बर्फ त्या मैदानातच येऊन थांबतो.

हा कोन घरबसल्या काढता येतो. २० मीटर अंतराने समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असलेला १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. ३० अंशांच्या उतारावर २० मीटर चढायला आडवं अंतर साधारण ३५ मीटर लागतं, म्हणजे नकाशावर १.४ मिलिमीटर. दोन रेषांमधलं अंतर त्याहून कमी दिसलं की तो उतार ३० अंशांच्या पुढे गेला. २० अंशांसाठी हेच अंतर २.२ मिलिमीटर येतं. १:५०,००० च्या नकाशावर ४० मीटरच्या रेषा असतील तर आकडे तेच राहतात. पट्टी लावून दहा ठिकाणी मोजलं की डोळा तयार होतो, मग रेषांची दाटी दिसली की हात आपोआप थांबतो. आता तर कोनानुसार रंग भरलेले नकाशेही संगणकावर मिळतात. ते जरूर वापरावेत, फक्त रेषांच्या मधे लपलेला दहा मीटरचा टप्पा कुठलाच नकाशा दाखवत नाही हे ध्यानात ठेवून.

प्रत्यक्ष जागेवर फोनमधला कोनमापक चालतो. दोन काठ्या असतील तर तेही नको. दोन्ही सारख्या लांबीच्या करा. एक काठी आडवी धरा, तिचं टोक वरच्या बाजूच्या बर्फाला टेकलेलं आणि मूठ उताराच्या बाहेर. त्या मुठीपासून दुसरी काठी सरळ खाली सोडा. तिच्या बरोबर मध्यावर बर्फ लागला, तर उतार सुमारे २७ अंश. मध्याच्या बराच खाली लागला, तर तुम्ही ३० च्या पुढे आहात.

हिमस्खलन हा एक धोका झाला. वसंतात त्याच्याइतकाच खरा धोका म्हणजे साधं घसरणं. पहाटेच्या कडक बर्फावर, गुळगुळीत पॅन्ट घातलेल्या माणसाला घर्षण जवळजवळ साथ देत नाही. घर्षण पूर्ण सोडून हिशेब केला तर ३० अंशांवर दोन सेकंदांत वेग ताशी ३५ किलोमीटरपर्यंत जातो आणि माणूस दहा मीटर खाली पोचलेला असतो. प्रत्यक्षात थोडं कमी होईल, पण विचार करायला वेळ मिळत नाही हे खरंच राहतं. म्हणून प्रत्येक उताराकडे बघताना स्वतःला विचारायचं: इथून घसरलो तर कुठे जाऊन थांबेन? खाली हळूहळू सपाट होत जाणारा बर्फ असेल तर कपडे ओले होतील, एवढंच. खाली खडक, झाडं, कडा किंवा ओढा असेल तर तोच कोन परवडणारा नाही.

एकाच दिवसात चार प्रकारचा बर्फ

हिवाळ्यातल्या बर्फाच्या थरात वर-खाली तापमान वेगवेगळं असतं. वसंतात वरचं पाणी झिरपत झिरपत खाली जातं आणि हळूहळू सगळा थर शून्य अंशांवर येतो. कण गोल आणि जाड होतात. त्या कणांना एकत्र धरून ठेवतं ते त्यांच्यामधलं गोठलेलं पाणी. रात्री ते गोठतं, दिवसा वितळतं; वसंतातल्या बर्फाचं सगळं वागणं या एका गोष्टीवर चालतं.

पहाटे पृष्ठभाग इतका कडक असतो की बूट आपटला तरी खूण उठत नाही. ऊन लागल्यावर तासा-दोन तासांत वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ होतात, खाली आधार मात्र भक्कम असतो. चालायला हीच वेळ उत्तम: पाऊल बसतंही आणि रुततही नाही. त्यानंतर बूट घोट्यापर्यंत जाऊ लागतो. आणि दुपारी तोच बर्फ भिजलेल्या साखरेसारखा होतो. पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जातो, काढायला दम लागतो, आणि आत लपलेल्या दगडावर नडगी आपटते. घोट्याच्या वर रुतायला लागलं, तर तीव्र उतारांपासून तेव्हाच दूर व्हायचं, कारण कणांमधली पकड सुटत असल्याची ती खूण आहे. वरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळत येऊ लागले, तर तीही तीच खूण.

याला किती वेळ लागेल हे बरंचसं आदल्या रात्रीवर ठरतं. शून्य अंशांचा एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून जवळपास ८० अंशांपर्यंत तापलं असतं. रात्री नीट गोठलेला जाड थर सकाळभर ऊन पचवतो तो यामुळे. पण रात्र ढगाळ गेली असेल, तर बर्फातून निघणारी उष्णता ढग अडवतात आणि तो गोठतच नाही. इथे अंदाजातला किमान तापमानाचा आकडा फसवतो. निरभ्र, कोरड्या रात्री हवा दोन-तीन अंशांवर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढगाळ रात्री हवा शून्याजवळ असूनही गोठत नाही. हवामानाचा अंदाज बघताना मी आधी रात्रीचे ढग बघतो, मग तापमान.

उताराची दिशाही मोजायची. पूर्वेकडचा उतार सूर्य उगवताच मऊ व्हायला लागतो, पश्चिमेकडचा दुपारपर्यंत कडक राहतो. उत्तर गोलार्धात दक्षिण उतारांवरचा बर्फ आधी जातो आणि उत्तर उतारांवर तो जूनमध्येही हिवाळ्यासारखा टिकतो. दक्षिण गोलार्धात हे उलट. चढताना पूर्वेची धार आणि उतरतानाही तीच, असा बेत असेल तर परतायची वेळ बरीच आधी धरावी लागते.

यातून निघणारं वेळापत्रक लोकांना नकोसं वाटतं: अंधारात निघायचं, माथ्यावर नऊ-दहाला पोचायचं, दुपारी बाराच्या आत मोठ्या बर्फावरून खाली आलेलं असायचं. उशिरा उठणाऱ्या गटाबरोबर हा ट्रेक करू नये, असं मी अगदी मनापासून सांगतो.

दोन वाटा शेजारी ठेवून बघू

समजा, एकाच दरीतून दोन ट्रेक आहेत. पहिला ३४०० मीटरवरच्या तळ्याचा: एका बाजूने चार किलोमीटर, चढ फक्त ३०० मीटर, सगळीकडे ‘कुटुंबासाठी योग्य’ असं लिहिलेलं. दुसरा ३८०० मीटरच्या गोलसर माथ्याचा: एका बाजूने पाच किलोमीटर, चढ ६०० मीटर, वाट अशी फारशी नाहीच.

आता नकाशावर पट्टी लावू. तळ्याची वाट उत्तरेकडच्या एका बाजूला अर्धा किलोमीटर आडवी जाते आणि तिथे रेषा एक-एक मिलिमीटरवर आहेत. पुढे ती दोनदा ओढा ओलांडते. सकाळी तो बर्फाखाली शांत असेल, परतताना दुपारी वितळलेल्या पाण्याने फुगलेला, आणि त्यावरचा बर्फाचा पूल सकाळपेक्षा पातळ. शेवटी तळं. वसंताच्या अखेरीस त्यावरचा बर्फ भरवशाचा नसतो, विशेषतः जिथे ओढा आत येतो आणि बाहेर पडतो तिथे. आणि वर बर्फ पसरलेला असला की किनारा कुठे संपला तेही कळत नाही.

माथ्याची वाट आधी दाट झाडीतून जाते, मग एका रुंद सोंडेवर, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत आलेल्या धारेवर, येते आणि शेवटपर्यंत सोंडेवरच राहते. रेषा कुठेही अडीच मिलिमीटरच्या आत येत नाहीत, म्हणजे १८ अंशांच्या आसपास. घसरलं तर दोन्हीकडे लांब, हलका उतार. ओढा नाही. एका बाजूला मात्र वाऱ्याच्या आडोशाची कड आहे. तिथे कॉर्निस असणार, म्हणजे वाऱ्याने कडेच्या बाहेर लोंबकळत वाढवलेला बर्फाचा थर. तो तुटतो तेव्हा दिसणाऱ्या काठावरच तुटतो असं नाही, बऱ्याचदा आतल्या बाजूने तुटतो. म्हणून कडेपासून चांगलं वीस-पंचवीस पावलं आत, जमल्यास उघड्या दगडांवरून चालायचं.

चारशे मीटर जास्त उंच आणि दुप्पट चढ असूनही त्या दिवशी दुसरा ट्रेक सोपा आहे. माझी निवड तोच.

वेळेचा हिशेबही इथेच करून टाकू. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली सांगितलेला ठोकताळा अजून कामी येतो: सुमारे पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. दुसऱ्या ट्रेकला तो दोन तास देतो. बर्फ आणि विरळ हवा धरून मी तो सरळ दुप्पट करतो, म्हणजे चार तास. पहाटे पाचला निघालं तर नऊला माथा, अर्धा तास विसावा, आणि उतरायला अडीच तास धरले तर बाराला खाली. सहाला निघालं तर हेच गणित बिघडायला लागतं.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. फोनमध्ये साठवलेला मार्ग बहुधा बर्फ नसतानाचा असतो, म्हणजे तो तुम्हाला इमानेइतबारे त्या आडव्या उतारावर घेऊन जाईल. तयार मार्गावर विसंबून न राहता नकाशावर धारेवरून स्वतःची रेघ आखा आणि ती साठवून न्या. दुसऱ्यांच्या पावलांचंही तसंच: ती माणसं वाट चुकली होती की बरोबर गेली होती, हे पावलं सांगत नाहीत. चढताना सोंडा वर एकत्र येतात, त्यामुळे चुकणं अवघड असतं. उतरताना त्या फाकत जातात आणि धुक्यात भलतीच सोंड धरली जाते. जिथे सोंडा फुटतात त्या जागा चढतानाच खुणा करून ठेवायच्या.

निघण्याआधी बर्फ बघून घेणं

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात. त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील असतो, आणि ढग आड आले नाहीत तर साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र मिळतं. बर्फाची रेषा कुठपर्यंत खाली आहे, कुठली धार उघडी पडली आहे, तळं अजून पांढरं आहे का, हे त्यात स्पष्ट दिसतं. झाडीतला बर्फ मात्र वरून दिसत नाही, आणि तो बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतो. कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर त्याचं वर्णन वाचा, पण तारीख बघून. वसंतात आठवड्यापूर्वीचं वर्णन जुनं झालेलं असतं. वर जाणारा रस्ता उघडला आहे का तेही विचारा. बंद फाटकामुळे ट्रेकला पाच किलोमीटर जोडले गेले तर सगळं वेळापत्रक कोलमडतं.

हिमस्खलनाचं रोजचं पत्रक जिथे निघतं तिथे ते वाचायलाच हवं. धोक्याचे स्तर एक ते पाच असतात, आणि नवख्याने दोनच्या पुढे जाऊ नये. वसंतात स्तर अनेकदा दिवसातच बदलतो, सकाळी एक आणि दुपारी तीन असाही, त्यामुळे दोन्ही आकडे बघावेत. बऱ्याच ठिकाणी हिवाळी हंगाम संपला की पत्रक बंद होतं. पत्रक निघत नाही याचा अर्थ धोका संपला असा होत नाही, आता अंदाज आपला आपण करायचा आहे, एवढाच होतो.

विरळ हवा

उंचावरच्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीच्या तुलनेत ३००० मीटरवर तो सुमारे ७० टक्के आणि ४००० मीटरवर ६० टक्क्यांच्या आसपास राहतो. प्रत्येक श्वासात तेवढाच कमी ऑक्सिजन. बर्फात रुतत चालण्याची मेहनत त्यावर चढते, आणि म्हणून जो चढ एरवी गप्पा मारत जमतो त्याला इथे थांबत थांबत जावं लागतं. वेग कसा ठेवावा? चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे.

उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होऊ शकतो, आणि वर पोचल्यावर लगेच न जाणवता सहा ते बारा तासांनी जाणवतो: डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं. पहाटे खालून गाडीने येऊन दुपारी परत खाली जाणाऱ्याला तो बऱ्याचदा टळतो. वर मुक्काम करणाऱ्याला गाठतो. मुक्कामाचा बेत असेल तर ३००० मीटरच्या पुढे झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून जास्त वर न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा, हा डोंगरातल्या वैद्यकाचा रुळलेला सल्ला आहे. डोकं दुखत असेल तर आणखी वर जायचं नाही. चाल लडखडायला लागली, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्याजागी धाप लागायला लागली, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची ती लक्षणं असू शकतात. शंका आली तर त्या माणसाला सरळ रेषेत, टाचेला पुढच्या पायाचा अंगठा लावत चालायला सांगा. तोल जात असेल तर ताबडतोब खाली, रात्र असली तरी, आणि त्याला एकट्याला कधीच पाठवायचं नाही.

पहिल्यांदाच ३५०० मीटरच्या पुढे आणि पहिल्यांदाच बर्फात, अशा दोन नव्या गोष्टी एकाच दिवशी करू नका, असा माझा आग्रह आहे. पाय अडखळतोय तो बर्फामुळे की उंचीमुळे, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

पाठीवर काय

सामानाबद्दल थोडक्यात. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक, म्हणजे छोटे खिळे असलेल्या साखळ्या, पहाटेच्या कडक, हलक्या उतारांसाठी उत्तम. रुंद चकत्या लावलेल्या दोन काठ्या, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण), पाणी आत न घेणारे बूट. ज्या ट्रेकला क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लांब, टोकदार दाते) आणि आईस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) लागतात तो ‘सोपा’ या सदरात बसत नाही. आईस अ‍ॅक्स हातात असणं आणि घसरताना तिने स्वतःला थांबवता येणं यांत कित्येक दिवसांच्या सरावाचं अंतर आहे. उतरताना बर्फावर बसून घसरत जायचा मोह सगळ्यांना होतो. खालची जागा पूर्ण दिसत असेल आणि सपाट होत असेल तरच तसं करावं, आणि स्पाइक काढून ठेवूनच. स्पाइक बर्फात अडकला की घोटा मोडतो.

गॉगलवर काटकसर करू नये. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. बाजूने झाकणारा, उजेड अडवण्याच्या मोजमापात तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीचा गॉगल हवा. तो नसेल तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि उजेड सहन होईनासा होतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावायचं, कारण ऊन खालूनही येतं. वरची थंडी मोजायला एक साधा हिशेब: दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी. खाली १२ अंश असेल तर दीड हजार मीटर वर दोनच, आणि धारेवरचा वारा वेगळा.

पहाटे पहिल्या बर्फावर

इतकं सगळं ठरवूनही शेवटचा निर्णय पहाटे होतो. वाटेतला पहिला सलग बर्फ लागला की उभे राहा आणि टाच जोरात मारा. ठक्क असा आवाज आला, खूण जेमतेम उठली, तर रात्री थर गोठला आहे. स्पाइक चढवा आणि चला. वर पापुद्रा आहे पण पाय फोडून आत जातोय, तर पापुद्रा पातळ आहे. दोन तासांनी तो उरणार नाही, म्हणून परतायची वेळ तेवढी अलीकडे ओढायची, मग माथा होवो न होवो. उजाडायच्या आधीच पाय घोट्यापर्यंत जात असेल, तर वरचा बेत तिथेच रद्द. दुपारी परतताना तोच बर्फ मांडीपर्यंत घेईल.

अशा दिवसासाठी दुसरा बेत आदल्या संध्याकाळीच नकाशावर आखलेला असला पाहिजे. पहाटे थंडीत उभं राहून शोधला तर सगळे जण माथ्याचाच हट्ट धरतात. त्याच दरीत झाडीतून जाणारा जुना गाडीरस्ता बघून ठेवायचा: दहा अंशांच्या आत, ओढ्यावर पक्का पूल असलेला, डोक्यावर मोठा उतार नसलेला, तीन-चार किलोमीटरवर एखाद्या मोकळ्या कुरणात संपणारा. तिथे बर्फ कितीही मऊ झाला तरी फार तर दमछाक होते. झाडांच्या बुंध्यांजवळ आणि मोठ्या दगडांभोवती बर्फ आतून पोकळ झालेला असतो, तेवढी हातभर जागा सोडून चालायचं. आणि ज्या माथ्यावर जायचं राहिलं त्याची उघडी धार कुरणातून दिसत असेल, तर दुर्बिणीने कॉर्निस कुठल्या बाजूला आहे आणि दगड कुठून कुठपर्यंत मोकळे झालेत ते नीट बघून नकाशावर टिपून घ्यायचं.